उन्हाला पारखी झालेली हाडं

डॉक्टरीणबाईंनी माझ्या गुडघ्यांचा एक्स-रे भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर लावला. मग काढून खिडकीशी धरला, पुन्हा पेटीवर लावला. माझे वडील, म्हणजे आबा, आणि मी समोरच्या बाकावर बसलो होतो. बाई वळल्या आणि म्हणाल्या, "हा मुडदूस आहे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मुडदूस तान्ह्या पोरांना होतो. पोटाचा नगारा आणि हातापायांच्या काड्या, अशी पोरं मी गावात पाहिली होती. मी साडेसतरा वर्षांचा होतो, मिसरूड फुटलेला, आबांपेक्षा चार बोटं उंच. मला आतून लाज वाटली.

आबांनी विचारलं, "ह्या वयात?"

"हाडं वाढतायत तोवर कधीही होतो," बाई म्हणाल्या. "इंग्रजीत रिकेट्स म्हणतात. हाड वाढतं, पण त्यात चुना भरला जात नाही. मऊ हाडावर एवढ्या उंच पोराचं वजन पडलं, की ते वाकतं."

त्यांनी पेन्सिलीनं एक्स-रेवर दाखवलं. गुडघ्याजवळ मांडीच्या हाडाचं टोक सरळ, स्वच्छ दिसायला हवं होतं. माझं टोक पसरट होतं आणि कडा विसविशीत. मी मागावर काम करायचो, म्हणून मला ते लगेच कळलं. कापडाचा काठ उसवून दोरे बाहेर यावेत तसं ते दिसत होतं.

"काय काम करतोस तू?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. माधवनगरला यंत्रमागाच्या शेडमध्ये, रात्रपाळी.

"आणि दिवसा?"

"झोपतो."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे सूर्य कधी बघतोस?"



हे सगळं नव्वदच्या दशकातलं. आज 'व्हिटॅमिन डी कमी आहे' हे वाक्य दर दुसऱ्या घरात ऐकू येतं आणि तालुक्याच्या गावीही रक्त देऊन त्याचा आकडा कळतो. तेव्हा तसं नव्हतं. ज्यांच्या घरात एखादं वाढतं पोर 'पाय दुखतात' म्हणतंय, किंवा एखादी बाई जमिनीवरून उठताना हात टेकतेय, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. आबा फौजेत हवालदार होते. आमच्या भावकीतल्या प्रत्येक घरातला एक तरी माणूस फौजेत होता. पोरगं दहावी झालं की भरतीला उभं करायचं, याचा कुणी वेगळा विचारही करत नसे. मला तर दुसरं काही सुचतच नव्हतं. आबा सुट्टीवर येत तेव्हा मी त्यांचे बूट घालून अंगणात चालून बघायचो. मला हवे होते ते बूट, ती ट्रंक, आणि एसटीतून उतरताना सगळ्या गावानं वळून बघणं.

दहावीला इंग्रजीत नापास झालो. आईचा भाऊ, माझा मामा, सांगलीजवळ माधवनगरला मागाच्या शेडमध्ये मुकादम होता. तो म्हणाला, इथं ये, रात्री काम कर, दिवसा अभ्यास कर, परीक्षा पुन्हा दे. पंधरा पुरी झाली असताना मी गेलो.

शेडच्या खिडक्या कायम बंद असत. वारा आत आला की सूत वाळतं आणि तुटतं, म्हणून काचांवरसुद्धा कागद चिकटवलेले. ट्यूबलाइटच्या उजेडात मागांतून आडवा दोरा ओढणारे धोटे रात्रभर धावायचे, कानठळ्या बसायच्या, आणि कापसाचे बारीक तंतू डोक्यावर, भुवयांवर बसायचे. सकाळी घरी येऊन चहात पाव बुडवून खायचा आणि आतल्या खोलीत पांघरूण ओढून झोपायचं. उठेपर्यंत ऊन उतरलेलं असायचं. दूध मला आवडत नसे आणि मामाच्या घरी ते चहापुरतंच येई. इंग्रजीचा पेपर दुसऱ्या खेपेला सुटला, पण भरतीच्या वयाला अवकाश होता, म्हणून मी तिथंच राहिलो.

त्या दोन वर्षांत मी भराभर वाढलो. पँट आखूड व्हायची आणि मला आनंद व्हायचा, कारण भरतीला उंची लागते. त्याच काळात पोटऱ्या आणि मांड्या दुखायला लागल्या. आधी काम संपल्यावर, मग सकाळी उठतानाही. मला वाटलं, वाढत्या अंगाला दुखतच असणार. नंतर पायऱ्या चढताना कठडा धरावा लागायला लागला. पँटचं कापड दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूला विरायला लागलं. शेडमधली माणसं मला बदक म्हणायची. मीही हसायचो.

भरती साताऱ्याला होती. आबा खास सुट्टी काढून आले होते. गावातला संपत, माझा लहानपणापासूनचा सोबती, तोही माझ्याबरोबर होता. कुंपणाबाहेर इतर बापांबरोबर आबा उभे होते, पांढरा सदरा आणि टोपी घालून. आम्हाला चड्डीवर रांगेत उभं केलं. एक सुभेदार रांगेतून येत होते. माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "एडी मिलाओ."

मी टाचा जुळवायला गेलो, पण गुडघे आधी भिडले. टाचांमध्ये अंतर राहिलं.

"मिलाओ."

"मिलती नहीं, साब."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज चढवला नाही. "नॉक नी है, बेटा. किसी हड्डी के डॉक्टर को दिखा लेना." आणि पुढच्याकडं वळले. नॉक नी म्हणजे गुडघे आत वळलेले, एकमेकांवर आपटणारे. अशा पायांनी ओझं घेऊन लांब चालता येत नाही, म्हणून फौजेत घेत नाहीत. मला पळूसुद्धा दिलं नाही. संपत पळाला आणि निवडला गेला.

दहिवडीपर्यंत एसटीत आबा खिडकीबाहेर बघत बसले होते. घरी पोचल्यावर त्यांनी मला अंगणात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावलं. ते माझे पाय बघत होते.

"दुखतंय का?"

"व्हय."

"कवापासनं?"

मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि आईला म्हणाले, "सकाळच्या गाडीनं सांगलीला जातो."

म्हणून आम्ही त्या दवाखान्यात बाईंसमोर बसलो होतो.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. व्हिटॅमिन डी कातडीवर ऊन पडलं की शरीर स्वतःच तयार करतं, खाण्यातून फार थोडं मिळतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम, म्हणजे हाडातला चुना, आतड्यातून अंगात शोषलंच जात नाही. मग रक्ताला लागणारा चुना शरीर हाडातून उकरून काढतं. "हा मेटॅबॉलिक आजार आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे हाड मोडलेलं नाही, त्याला जंतूही लागलेला नाही. शरीराचा आतला देण्याघेण्याचा व्यवहार बिघडलाय."

आबा म्हणाले, "बाई, आमी मानदेशातली मानसं. आमच्याकडं पानी न्हाई, पीक न्हाई. ऊन सोडून दुसरं हाय तरी काय?"

"ते गावात आहे. हा इथं होता," बाई म्हणाल्या.

पण एक शंका होती. मूत्रपिंडं बिघडली तरी हाडं अशीच दिसतात, कारण व्हिटॅमिन डीचं शेवटचं काम तिथंच पुरं होतं. तसं असेल तर औषध वेगळं आणि गोष्ट अवघड. त्यासाठी मला वॉर्डात ठेवून घेतलं.

रक्त काढलं. कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज. हे शेवटचं नाव मी तिथंच शिकलो. हाड घडवणाऱ्या पेशी जिवाच्या आकांतानं काम करू लागल्या की रक्तात हा पदार्थ वाढतो. माझा खूपच वाढलेला होता. प्रत्यक्ष व्हिटॅमिन डी मोजायचं तर रक्त मुंबईला पाठवावं लागे. बाई म्हणाल्या की एक्स-रे बोलतोय, थांबायचं कारण नाही. फक्त मूत्रपिंडाचा निकाल येऊ दे. एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये पूर्ण दिवसाची लघवी साठवायची होती. शेजारच्या खाटेवर मिरजेकडचे एक म्हातारे होते, मांडीचं हाड मोडलेले. माझा कॅन आला की ते भिंतीकडं तोंड करून झोपायचे.

आबा खाटेखाली सतरंजी टाकून राहिले. सकाळी माझी चादर ते इतकी ताणून बसवायचे की परिचारिका दुसऱ्या रुग्णांना आणून दाखवायची. आम्ही फारसं बोलत नव्हतो. आबा वर्षातले दहा महिने लांब असत. आईशी ते शेतीचं बोलत, माझ्याशी शाळेचं. आता शाळा संपली होती आणि भरतीचं बोलवत नव्हतं.

एका फेरीत त्यांनी बाईंना गाठलं. "भरतीच्या वयात नीट व्हईल का?"

बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. "मूत्रपिंडं चांगली निघाली तर दुखणं जाईल. चालेल, पळेल, संसार करेल. पाय किती सरळ होतील ते वाढ किती शिल्लक आहे त्यावर. भरतीचं मी सांगू शकत नाही."

निकाल यायच्या आधीच आबांची सुट्टी संपली. वाढवून मागायला ते बाहेर फोनच्या बूथवर जाऊन आले होते, मिळाली नाही. निघताना त्यांनी ट्रंक उचलली, खाली ठेवली, माझ्या उशीखालची चादर पुन्हा खोचली. "जेवत जा," एवढंच म्हणाले. मी खिडकीशी गेलो. ते फाटकातून बाहेर पडले आणि रस्त्याला लागले. ताठ पाठ आणि एकसारखी पावलं. तसं चालता यावं, एवढंच मला तेव्हा जगाकडून हवं होतं. ते गर्दीत दिसेनासे झाल्यावरही मी तिथंच उभा राहिलो, कारण खाटेपर्यंत परत चालायचं म्हटलं की मांड्या भरून यायच्या.

आबा गेल्यावर मामी माझ्याजवळ राहायला आली. मामी माधवनगरच्या घरात दिवसभर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायची. घर एकाला एक चिकटलेलं, पुढं गल्ली, मागं भिंत. ती पस्तिशीची होती आणि कंबर, जांघा आणि बरगड्या दुखतात म्हणून कित्येक वर्षं कण्हत होती. कुणी वात म्हणालं, कुणी बाळंतपणाचा अशक्तपणा. मामा म्हणायचा, "तिच्या मनात हाय ते." तिनंही ते मान्य करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई फेरीला आल्या तेव्हा मामी जमिनीवर बसली होती. बाईंना बघून ती उठली. आधी गुडघ्यावर आली, मग खाटेचा पाय धरला, मग हात मांडीवर टेकत टेकत वर आली. बाई माझा कागद हातात धरून तिच्याकडंच बघत होत्या.

"तुम्ही नेहमी अशाच उठता?"

मामीनं पदर सारखा केला. "सवय झाली, बाई."

"ही सवय नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी मामीच्या नडगीवर अंगठ्यानं दाबलं. मामी कळवळली. "चला, तुमचाही एक्स-रे काढू."

मामीच्या कमरेच्या हाडात बारीक चिरा होत्या, ती कुठं घसरून पडलेली नसतानाही. मोठ्या माणसात याच आजाराला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. वाढ थांबलेली असते म्हणून हाडं वाकत नाहीत, पण आतून मऊ होतात, दुखतात आणि चिरतात. स्नायूंतलाही जोर जातो, म्हणून उठता येत नाही. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मामी रडायला लागली. मला वाटलं आजाराचं नाव ऐकून घाबरली. पण ती पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "खरंच दुखत हुतं रं माजं."

ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही. औषध सुरू व्हायच्या आधी तिचं अर्धं दुखणं तिथंच हलकं झालं.

माझा मूत्रपिंडाचा निकाल चांगला आला. मामानं आबांना तार केली.

आम्हा दोघांचं औषध इतकं साधं होतं की विश्वास बसेना. दंडात एक मोठं इंजेक्शन, मग दर आठवड्याला दुधातून घ्यायची पूड, रोज कॅल्शियमच्या गोळ्या. आणि ऊन. सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्यायचं असं आम्ही समजत होतो. बाई म्हणाल्या, त्यानं बरं वाटतं, पण या कामाला ऊन वर आल्यावरचं लागतं. दहाच्या पुढं, हात-पाय-पाठ उघडे टाकून, अर्धा तास. काचेतून आलेलं चालत नाही. हेही बजावलं की पूड मनानं वाढवायची नाही, जास्त झाली तर रक्तात चुना वाढून उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. ज्यांना आज औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घ्यायची सवय आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

रात्रपाळी सुटली आणि मी गावी आलो. अंगणात उन्हात चड्डीवर बसलेला जवान पोरगा बघून येणारे-जाणारे थांबायचे. आई प्रत्येकाला आजार समजावून सांगायची आणि प्रत्येक वेळी त्यात थोडी भर पडायची. मामीची अडचण वेगळी होती. भरगल्लीत बाई उघड्या हातांनी, उघड्या पाठीनं कुठं बसणार? शेवटी मामानं मागच्या भिंतीवरून गच्चीवर शिडी लावली आणि वर चारी बाजूंनी जुन्या साड्या ताणून आडोसा केला. मनात हाय म्हणणारा तो माणूस रोज पाळीवरून येऊन तिला शिडीवर हात द्यायचा.

संपतला फौजेत हजर व्हायचं बोलावणं आलं तेव्हा माझ्या उपचाराला जेमतेम महिना झाला होता. त्याला जबलपूरला जायचं होतं. लोणंदला गाडीत बसवायला गावातली चार-पाच माणसं गेली, मीही गेलो. आईनं नको म्हणून सांगितलं होतं. फलाटावर संपतची काळी ट्रंक होती, तिच्यावर पांढऱ्या रंगानं त्याचं नाव नुकतंच लिहिलेलं, एका अक्षराचा रंग ओघळलेला. मी त्या ट्रंकेवर बसलो होतो, कारण उभं राहवत नव्हतं.

"पुढल्या साली तू येशील गड्या," संपत म्हणाला.

"तवर तू साहेब झाला असशील."

तो हसला नाही. गाडी आली, गर्दी झाली आणि त्यानं ट्रंक मागितली. मी उठलो आणि तिचा एक कान धरून डब्याच्या दारापर्यंत त्याच्याबरोबर गेलो. तेवढंच मला जमलं. गाडी सुटल्यावर ज्या दिशेला ती गेली तिकडं मी बघत राहिलो. रूळ रिकामे झाले, फलाटावरचा चहावाला पुन्हा स्टोव्ह पेटवायला लागला. इतकी ओढ मला आजवर कुठल्या माणसाचीही लागलेली नाही, जितकी त्या दिवशी त्या गाडीतल्या लाकडी बाकाची लागली.

तीन महिन्यांनी सांगलीला गेलो. नव्या एक्स-रेत हाडाच्या टोकाशी एक ठळक पांढरी रेघ उमटली होती. बाईंनी दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी लावले. "चुना बसायला लागला," त्या म्हणाल्या आणि वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवलं. दुखणं त्याआधीच निम्म्यावर आलं होतं. सहाव्या महिन्यात मी कठड्याशिवाय जिना चढलो. माधवनगरला गेलो तेव्हा मामी जमिनीवर बसून कांड्या भरत होती. मला बघून ती हात न टेकता उठली, आणि मग तिनं मुद्दाम पुन्हा बसून पुन्हा उठून दाखवलं.

पाय थोडे सरळ झाले, पूर्ण नाही. एक्स-रेत आणखी एक गोष्ट दिसली होती. ग्रोथ प्लेट, म्हणजे हाडाच्या टोकाजवळची जी पट्टी वाढते आणि वाढता वाढता बाक सुधारते, ती माझी मिटत आली होती. बाई म्हणाल्या की हाड कापून सरळ करायचं ऑपरेशन असतं, पण दुखणं नसताना, चालता-पळता येत असताना ते करू नये, आणि त्यानंही फौजेचं दार उघडणार नाही. मी घरी येताना एसटीत तो हिशेब पुन्हा पुन्हा मांडत होतो. भरतीचं वय एकवीसपर्यंत. हाडांची वाढ त्याच्या आधीच संपणार. तरी मी ठरवलं की एकदा पुन्हा उभं राहायचं.

मी साताऱ्याला आयटीआयला मोटार रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार पुन्हा गुंडाळायचा, कोर्स घेतला आणि रोज पळायला लागलो. दोन वर्षं पळालो. आधी जुन्या दुखण्याची भीती वाटायची, प्रत्येक बारीक कळ आली की मी थांबून नडगी दाबून बघायचो. मग विसरायला लागलो. दुखत नसलेल्या पायांनी पळणं म्हणजे काय, हे ज्याचे पाय कधी दुखलेच नाहीत त्याला कळणार नाही. संपतची खुशाली यायची, कधी काश्मीरची, कधी आसामची. त्या गावांची नावं मी पळताना मनात घोळवायचो.

आता थोडं आजचं. मला दहिवडीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडं येतात. चाळिशीनंतर वजन वाढलं आणि रक्तातली साखर काठावर आली. पूर्वीचा आजार सांगितल्यावर डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीही तपासलं, पुन्हा कमी निघालं, कारण दुकानात बसून मी पुन्हा सावलीतला माणूस झालो होतो. त्यांनी सांगितलं की साखर, वजन आणि हे जीवनसत्त्व यांचा एकमेकांशी काहीतरी संबंध दिसतो, पण गोळीनं साखर उतरेल असं समजू नका, चाला. म्हणून दुपारच्या जेवणाआधी मी दुकानाला कुलूप लावून माळावर चालून येतो. तुमच्या घरातलं पोर अभ्यासिकेत, दुकानात, कारखान्यात दिवस काढत असेल आणि पाय दुखतात म्हणत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. घरातली बाई हात टेकून उठत असेल तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. एक एक्स-रे आणि थोडं रक्त, एवढ्यानं कळतं. मामी आज साठीच्या पुढं आहे आणि गच्ची तिनं सोडलेली नाही. सांगलीच्या बाई निवृत्त होऊन मुलाकडं गेल्या असं कळलं. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, ते इथं मानतो.

दुसऱ्या भरतीचं सांगायचं राहिलं.

तीही साताऱ्यालाच होती. आबा तोवर निवृत्त होऊन गावी आले होते. त्या वर्षी आधी पळायला लावलं. मी पहिल्या पाच-सहा पोरांत आलो. कुंपणापाशी आबा होते, मला ते प्रत्येक फेरीला दिसत होते. मग चड्डीवर रांगेत उभं केलं आणि कुणीतरी म्हणालं, टाचा जुळवा. अंतर आधीपेक्षा निम्मं होतं. निम्मं चालत नाही. डॉक्टरनं दोनदा मोजलं, मान हलवली.

बाहेर आलो. स्टँडजवळच्या एका खानावळीत आम्ही जेवायला बसलो. ताट समोर आलं तरी माझा हात पुढं होईना.

आबांनी भाकरी मोडली. बराच वेळ ती आमटीत बुडवत राहिले.

"लय ब्येस पळालास," ते म्हणाले. "मी तुला पळताना कधी बघितलंच नव्हतं. तू ल्हान हुतास तवा मी तिकडं."

मी मान खाली घातली.

"मी सगळी नोकरी हिकडं यायची वाट बघत काढली, दत्ता. बरफात उभं ऱ्हायलो की डोळ्यांपुढं आपलं अंगण दिसायचं. आई, तू, शेरडं. आन हितं तू तिकडं जायची वाट बघतुयास." त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला. "तू ऱ्हायलास तर मला काय वाईट वाटनार हाय का? मी आता कुठं घरी आलोय."

मला रडू आलं. खानावळीतली माणसं बघत होती. आबांनी मला रडू दिलं, वाढपी आला तेव्हा त्याला हातानंच थांबवलं, आणि माझं होईपर्यंत स्वतः जेवले नाहीत. मग आम्ही दोघं जेवलो. पोटभर जेवलो. आबांनी आणखी एक भाकरी मागितली आणि तिची अर्धी माझ्या ताटात टाकली.